पणतीचं झाकण

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

डॉक्टरांनी हे माझ्याकडे न बघताच विचारलं. त्यांचे डोळे समोरच्या पडद्यावर होते. पडद्यावर माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीची छाती दिसत होती. काडीसारख्या बरगड्या, आणि गळ्याच्या जरा खाली एक पांढराशुभ्र गोल. मला ते नाणं वाटलं. तसं मी म्हणालेही. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं त्या गोलाच्या आतला दुसरा, पुसट गोल दाखवला. नाण्याला असा दुहेरी काठ नसतो, हा सेल आहे, बटणासारखा चपटा असतो तो, असं ते म्हणाले. कधी गिळला ते सांगा, लवकर.

मला सांगता येईना. शरू पाडव्याच्या सकाळपासून लाळ गाळत होती, दूध ओढत नव्हती, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घसा आलाय म्हणून लाल औषध दिलं होतं. आज भाऊबीज. घरात सेल कुठून आला, हेच मला आधी सुचलं नाही. मग एकदम आठवलं. यंदा आम्ही तेलाच्या पणत्या लावल्याच नव्हत्या. शरू नुकती उभी राहायला लागली होती, ज्योतीकडे झेपावायची, म्हणून मी स्वतः बाजारातून विजेच्या पणत्या आणल्या होत्या. प्लॅस्टिकच्या, मातीच्या रंगाच्या, वर पिवळी ज्योत लुकलुकणाऱ्या. मुलीला भाजू नये म्हणून.

डॉक्टरांनी भुलीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि बोलता बोलताच मला समजावलं. तो सेल नुसता अडकून बसत नाही. घशाच्या ओल्या कातडीला चिकटला की त्यातून वीज वाहायला लागते आणि कातडी जळत जाते. आतल्या आत. बाहेरून काही दिसत नाही. "तासा-दोन तासांत सुरू होतं ते," ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मिलिंद होता, माझा नवरा. मी जे कळलं ते सांगितलं. तो उभा राहिला, पुन्हा बसला, आणि त्यानंही तेच विचारलं. "वृषाली, तुझं लक्ष कुठं होतं?"

त्याच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. शरूच्या दुपट्यांची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दिवसांत माझी नणंद विचारून गेली, शेजारच्या बायका विचारून गेल्या, माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका फळं घेऊन आल्या आणि जाताना विचारून गेल्या. माझ्या सख्ख्या आईनंही फोनवर विचारलं. एकट्या सासूबाईंनी विचारलं नाही. मला ते मायेचं वाटलं. रात्रंदिवस रडून माझे डोळे सुजलेले असताना मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले होते.

सेल निघाला. एका बाजूनं काळा पडला होता. शरूच्या नाकातून नळी घातली आणि ती नळी कितीतरी दिवस तशीच राहिली. नंतर जखम भरली, पण भरताना अन्ननलिका आकसली. मग दर थोड्या दिवसांनी भूल देऊन ती आतून रुंद करायची. मुलीला भूल द्यायला आत नेलं की मी दाराबाहेर उभी राही. आत न्यायच्या आधी ती माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवायची आणि नर्स तिची बोटं एकेक करून सोडवायची.

मधल्या काळात मी बाजारात गेले. वसंत तवटे यांचं दुकान कऱ्हाडात सगळ्यांना माहीत आहे, मी पणत्या तिथूनच घेतल्या होत्या. काउंटरवरच्या बांबूच्या टोपलीत त्या सुट्या पडलेल्या असायच्या, हव्या तेवढ्या उचलायच्या. मी विचारलं, ह्याच्यावर काही सूचना असते का? तवट्यांनी माळ्यावरून मोठं पुठ्ठ्याचं खोकं काढलं. त्यावर दिव्यांचं रंगीत चित्र होतं, 'शुभ दीपावली' असं ठळक मराठीत होतं. खालच्या बाजूला, काळ्या रेघांच्या पट्टीखाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. लहान मुलांपासून दूर ठेवा, मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरा. बस.

ही ओळ गिऱ्हाइकाला दिसणार कशी, मी विचारलं. तवटे खाली मान घालून म्हणाले की खोकं माळ्यावरच असतं, माल सुटाच येतो आणि सुटाच जातो. त्यांनी ते खोकं मला देऊन टाकलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या घरी त्याच पणत्या होत्या आणि दोन नातवंडं होती.

मी कंपनीला पत्र लिहिलं. त्यांचा एक अधिकारी घरी आला, सरपोतदार नावाचा. पांढरा सदरा, हातात मिठाईचा पुडा. शरूकडे बघून त्यानं खरोखरच डोळे टिपले. मग तो म्हणाला की इतक्या वर्षांत आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही, आणि सूचना तर खोक्यावर छापलेलीच आहे.

मी आतून शरूची खेळण्यातली मोटार आणली. ती उलटी केली. तिच्या सेलच्या झाकणाला बारीक स्क्रू होता, पेचकसाशिवाय उघडायचं नाही. शेजारी पणती ठेवली आणि अंगठ्याच्या नखानं तिचं झाकण सरकवलं. ते टक करून निघालं.

"इथं स्क्रू का नाही?" मी विचारलं.

सरपोतदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, मोटार हे खेळणं आहे. खेळण्यांचे नियम वेगळे असतात. पणती हे सजावटीचं साहित्य आहे. त्याला ती सक्ती नाही."

"जमिनीवर ठेवायची, लुकलुकणारी, मुठीत मावणारी वस्तू," मी म्हणाले. "तुम्ही तिला काय म्हणता ते माझ्या मुलीला कसं कळणार?"

त्यावर तो म्हणाला की म्हणूनच तर देखरेख हा शब्द लिहिलेला आहे. तो हे चिडून नाही, समजुतीच्या सुरात बोलला. तेव्हा मला त्या ओळीचा अर्थ लागला. ती ओळ मुलाला वाचवण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. मुलाला काही झालं की नंतर आईला दाखवण्यासाठी लिहिलेली होती. डॉक्टरांनी, मिलिंदनं, नणंदेनं, सगळ्यांनी मला जे विचारलं, तेच ह्यांनी आधीच छापून ठेवलं होतं.

मिठाईचा पुडा मी त्याच्या हातात परत दिला. मिलिंद फाटकापर्यंत त्याच्या मागे गेला, माफी मागायला. परत आल्यावर आमचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, झालं ते झालं, आता कोर्टाच्या पायऱ्या कशाला, लोक चवीनं बोलतील. मी म्हणाले, बोलतातच आहेत. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की वृषाली, जाऊ दे ना गं. मी त्यांच्यावरही ओरडले. तोवर मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

मी साताऱ्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. वकील लावला नाही. मीच लिहिलं, मीच उभी राहिले. तारखा पडत गेल्या. कंपनीचे वकील कधी आजारी, कधी कागद आलेले नाहीत. शाळेतून रजा काढून मी एसटीनं जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. ज्या दिवशी खरोखर सुनावणी होती, त्या दिवशी मिलिंद आला, आणि सासूबाई शरूला घेऊन आल्या, कारण त्याच दिवशी तिला डॉक्टरांना दाखवायची तारीखही साताऱ्यातच होती.

कंपनीचे वकील तरुण होते, मृदू बोलणारे. त्यांनी खोक्यावरची ओळ मोठ्यानं वाचली, मग मराठीत सांगितली. मग माझीच तक्रार हातात घेऊन म्हणाले, "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण स्वयंपाकघरात होतो, असं बाईंनी स्वतः लिहिलं आहे. पुढच्या खोलीत जमिनीवर दिवे, आणि मूल रांगणारं. आमच्या अशिलानं काय सांगितलं होतं? देखरेख हवी. ती नव्हती. बाईंबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे. पण दोष पणतीचा नाही."

माझे कान तापले. मी उत्तर द्यायला उठणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"देखरेख होती."

सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी शरूला मिलिंदच्या मांडीवर ठेवलं आणि पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण? त्या म्हणाल्या, मी पोरीची आजी. मी तिथंच बसले होते. वकिलांनी हरकत घेतली. मंचावरच्या सदस्य बाईंनी अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, नंतर प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, पण आता बोला.

त्या बोलल्या. पूजेसाठी त्या फुलवाती वळत बसल्या होत्या आणि शरू त्यांच्या पुढ्यात होती. तिनं पणती उचलली, ते त्यांनी बघितलं. ज्योत नाही, तेल नाही, भाजायचं नाही, म्हणून म्हटलं खेळू दे. त्यासाठीच तर सुनेनं आणल्या होत्या. शरूनं ती फरशीवर आपटली. पुन्हा आपटली, तेव्हा झाकण उडालं. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत पोरीनं ते चकचकीत काहीतरी उचलून तोंडात घातलं. त्यांनी तोंडात बोट घालून बघितलं. ते खाली गेलेलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?" सदस्य बाईंनी विचारलं.

"केळं घातलं."



"ह्यानं लहानपणी चार आणे गिळले होते," त्या मिलिंदकडे हात करून म्हणाल्या. "तेव्हा माझ्या सासूनं केळं घातलं. दुसऱ्या दिवशी पडले. मला वाटलं, तसंच आहे हे. पणतीला झाकण लावलं आणि ठेवून दिली. सणासुदीला घरात रडारड नको, म्हणून कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपटी तपासत होते. पोरगी लाळ गाळायला लागली तेव्हा भ्याले. मग तर तोंडच उघडेना माझं."

उठायला निघालेली मी जागेवरच राहिले.

सासूबाई वकिलांकडे वळल्या. "साहेब, तुमच्या खोक्यावर लिहिलंय दूर ठेवा. का दूर ठेवा, ते कुठं लिहिलंय? उंदराच्या औषधावर कवटी असते. मी चौथी शिकलेली बाई, मला ती न वाचता कळते. संडास धुवायच्या बाटलीवर असते. ह्याच्यावर काय होतं? दिव्याचं चित्र होतं. पोटात जाऊन जळतं एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना, तर मी अनवाणी पळत गेले असते दवाखान्यात. त्याच संध्याकाळी. माझी नजर तिच्यावरच होती. नजरेनं झाकण बंद राहत नाही."

त्या खाली बसल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि तुम्हाला आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. मला सांगायचं होतं ते त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. मिलिंद शरूला खांद्यावर घेऊन भिंतीशी उभा होता, सासूबाई खांबाला टेकून. मी मिलिंदच्या समोर जाऊन उभी राहिले.

"विचार ना आता," मी म्हणाले.

तो म्हणाला, काय?

"मला विचारलंस ते. दवाखान्यात विचारलंस, घरी विचारलंस, तुझ्या बहिणीसमोर विचारलंस. आता तुझी आई उभी आहे समोर. विचार त्यांना."

त्यानं नाही विचारलं. शरूच्या पाठीवर तो नुसता थापट्या मारत राहिला. त्या क्षणी मला कंपनीचा आला नसेल एवढा राग त्याचा आला. आईला विचारायला त्याची जीभ उचलत नव्हती, बायकोला विचारताना ती कशी सरळ चालली होती.

सासूबाईच म्हणाल्या, "त्याला नको, मला बोल. काय बोलायचं ते बोल."

मी त्यांना विचारलं की पाडव्याला मी शरूला डॉक्टरांकडे घेऊन निघाले, घसा आलाय म्हणून सांगत होते, तेव्हा तुम्ही दारात उभ्या होता. तेव्हा का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तेव्हा ओठापर्यंत आलं होतं. मग मी विचारलं, आणि नंतर सगळे मला बोलत होते तेव्हा? त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. मी थांबले. त्यांनी दिलंच नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. सासूबाईंच्या प्रतिज्ञापत्रामुळेच लागला, हे मला नाकारता येत नाही. धोका काय आहे हे न सांगणारी सूचना ही सूचनाच नव्हे, असं मंचानं लिहिलं. झाकणाला स्क्रू लावा, प्रत्येक नगावर मराठीत स्पष्ट इशारा द्या, असा आदेश झाला. कंपनी वर अपिलात गेली. ते अपील अजून चालू आहे. पुढच्या दिवाळीत तवट्यांच्या टोपलीतल्या प्रत्येक पणतीच्या बुडाला एक चिकटपट्टी आली. मराठीत. लहान मुलांपासून दूर ठेवा. जळण्याबद्दल अक्षर नाही, आणि झाकण तसंच, नखानं निघणारं. चिकटपट्टीला खर्च कमी येतो. तवट्यांनी मात्र त्यानंतर तो माल ठेवायचं बंद केलं. बाकीच्या दुकानांत मिळतच राहिला.

घरात मी सासूबाईंशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची, त्यांची औषधं आणायची, दुसरं काही नाही. मिलिंदनं एकदा म्हणून पाहिलं की त्यांनी कबूल केलंय ना, आता किती दिवस. मी त्याला म्हणाले, तुझ्या वाट्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे, तो विचारून ये, मग बोलू. तो परत त्या विषयावर आला नाही.

त्याच दिवाळीच्या आधी सासूबाई दुपारच्या कुठंतरी जायला लागल्या. शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं. त्या आळीतल्या घरोघरी जात होत्या, जिथं लहान मूल आहे तिथं. पणत्या, रिमोट, वजनकाटे, गाणारी भेटकार्डं, जे असेल ते मागून घेत आणि झाकण उघडतं का बघत. आणि प्रत्येक घरात स्वतःची गोष्ट सांगत. सौम्य करून नाही. म्हणत, मी बघत होते, मी केळं घातलं, मी दोन दिवस गप्प बसले, सुनेला बोलणी खाऊ दिली. मी हे ऐकलं तेव्हा आधी वाटलं, आता पुण्य कमावायला निघाल्या. एके दिवशी मी त्यांच्या मागे गेले, खरं म्हणजे पकडायलाच. दाराबाहेर उभी राहून ऐकलं. त्यांनी स्वतःला कुठंही वाचवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी सोबत जायला लागले. त्यांना बारीक झाकणं दिसत नाहीत, ती मी उघडते. सेल घशात काय करतो ते मी सांगते, शंका आली तर वाट न बघता एक्स-रे काढायला लावा हे सांगते. बाकीचं त्या सांगतात. वाटेत आम्ही फारसं बोलत नाही.

शरू आता सहावीत आहे. आवाज जरा घोगरा राहिला, आणि भाकरी तिला अगदी बारीक करून, पाण्याचा घोट घेत घेत खावी लागते. वर्गातली मुलं डबा संपवून खेळायला जातात तेव्हा हिचा अर्धाच झालेला असतो.

गेल्या वर्षी सोमवार पेठेत एका घरी गेलो होतो. घरातली सून दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ. सासूबाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पण ताई, तुम्ही ह्यांना माफ केलंत, हो ना?"

सासूबाई खाली बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडं सेलवर चालणाऱ्या काय काय वस्तू आहेत, त्या आणा बरं सगळ्या. उघडून बघू."